चुलीपासून ओव्हनपर्यंत : आपल्या बीदरच्या स्वयंपाकघराचा प्रवास

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाच्या बहुतेक कुटुंबांत एक काम निघालेले दिसते. कोणी जुन्या वाड्याची पडकी बाजू उतरवून तेथे स्लॅबचे घर बांधतो, तर कोणी आहे त्याच घराचे स्वयंपाकघर नवे करून घेतो. फरशी, नळ, खिडक्या यांवर घरात लवकर एकमत होते. घोडे अडते ते स्वयंपाकघरात. सुनेला भिंतीत बसवायचा ओव्हन हवा असतो, सासूबाईंना भाकरीपुरती जागा हवी असते, मुलगा म्हणतो इंडक्शन घ्या, आणि घरातले मोठे म्हणतात, आमच्या वेळी काय अडले होते? मी राज्य शासनाच्या नोकरीत आहे आणि माझे शिक्षण विद्युत शाखेच्या डिप्लोमापर्यंत झाले आहे. त्यामुळे ओळखीच्या घरांतून वायरिंग बघायला बोलावणे येते आणि हा वाद अनेकदा ऐकावा लागतो.

तो ऐकताना वाटले, की आपण बीदरचा इतिहास पुष्कळ सांगतो. बहमनी सुलतान, महमूद गवानचा मदरसा, निजामी राजवट, १९४८ ची पोलीस कारवाई, १९५६ ची राज्य पुनर्रचना हे सारे आपल्याला पाठ आहे. पण आपल्या घरात रोज दोन वेळा पेटणाऱ्या विस्तवाचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो माहीत असेल तर आज दुकानात उभे राहून काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरवणे सोपे जाईल. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या गावात स्वयंपाकघराच्या नावाने ओळखली जाणारी सर्वांत जुनी इमारत किल्ल्यात आहे. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली आणि किल्ल्याचे मोठे बांधकाम झाले. त्या किल्ल्यात 'शाही मतबख' नावाची वास्तू आहे. मतबख म्हणजे मुदपाकखाना. गुलाम याझदानी यांचा बीदरच्या इमारतींवरचा इंग्रजी ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला, त्यातही तिची नोंद आहे. आपण पाहुण्यांना किल्ला दाखवताना तिच्यासमोरून घाईने पुढे जातो. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दरबार आणि बाजार यांच्याकडे नान भाजण्याचा तंदूर होता, भट्टी होती. म्हणजे चारी बाजूंनी तापलेल्या बंद जागेत पदार्थ भाजण्याची विद्या बीदरला परकी नव्हती. ती घरात मात्र नव्हती. घरात होती चूल.

चूल म्हणजे खालून आणि समोरून मिळणारा विस्तव. आपल्याकडे ती काळ्या किंवा तांबड्या मातीत भुसा व शेण कालवून घालत. शेजारी वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी किंवा भात आणि वैलावर वरण मंद शिजत राही, एकाच जळणात दोन कामे होत. जळण शेतातून येई : तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या, गोवऱ्या. आपला हा भाग ज्वारीचा आणि तुरीचा. म्हणजे जे शेत धान्य देई, तेच ते शिजवायला काड्याही देई.

ज्वारीच्या भाकरीची रीत या चुलीशी बांधलेली आहे. गव्हाच्या कणकेला ताण असतो, तो ज्वारीच्या पिठाला नसतो. म्हणून उकळत्या पाण्यात पीठ मळायचे, काठवटीत हाताने थापायचे, तव्यावर टाकून वरच्या बाजूला पाणी फिरवायचे, उलटायचे, आणि शेवटी तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी धरायची. तेथे ती टम्म फुगते. ही शेवटची पायरी बंद पेटीत होत नाही. उघडा विस्तव लागतो. आमची आजी भालकी तालुक्यातली. तिच्या घरी वीस माणसांच्या भाकऱ्या रोज अशाच होत. कन्नड शेजारणी चुलीला 'ओले' म्हणत आणि भाकरीला 'रोट्टी', पण थापण्याची रीत एकच होती.

तरी चुलीचे गोडवे गाताना तिचा धूर विसरता कामा नये. स्वयंपाकघर बहुधा घराच्या मागच्या अंगाला, एका झरोक्याचे. भिंती काळ्या, आढे काळे, आणि फुंकणीने जाळ फुंकून डोळे चुरचुरलेली बाई. चुलीच्या धुरामुळे फुप्फुसांचे जुनाट विकार होतात, मोतीबिंदूचा धोका वाढतो, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. आपल्या आज्यांना दम्याचा जो त्रास होता, त्याला आपण 'वय झाले' म्हणत होतो. 'चुलीवरच्या जेवणाची चव' असे आज हॉटेलच्या पाटीवर लिहिलेले असते. त्या चवीची किंमत कोणी मोजली, हेही लक्षात असावे.

मग आपल्या घरात ओव्हनचे काम होतच नव्हते का? होत होते, पण दोन वेगळ्या वाटांनी. पहिली वाट म्हणजे वर-खाली निखारे. जाड बुडाच्या पातेल्यावर परात झाकायची, परातीत रसरशीत निखारे ठेवायचे आणि खालचा जाळ मंद करायचा. नानकटाई, खव्याचे किंवा रव्याचे काही पदार्थ असे भाजले जात. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० साली निघाले. तेव्हापासूनच्या मराठी पाककृतींच्या पुस्तकांत वर-खाली विस्तव ठेवण्याची ही रीत गृहिणींना ओळखीचीच होती. दुसरी वाट म्हणजे बेकरी. दिवाळीच्या आधी मैदा, साखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीत न्यायचे, तेथे बसून पत्र्याच्या ट्रेवर नानकटाई घालून घ्यायची, भट्टीतून निघाली की मजुरी देऊन डबा भरून घरी आणायची. ही पद्धत महाराष्ट्रभर होती आणि आपल्याकडेही होती. भट्टी मुसलमान बेकरीवाल्याची, तूप आपले, आणि डबा फराळाच्या ताटात. ओव्हन हे घराघरात एकेक घेण्याचे साधन नसून मोहल्ल्यात एक पुरेसे होते, असा त्याचा अर्थ.

स्वयंपाकघरात पहिला मोठा बदल केला तो रॉकेलच्या स्टोने. हवा भरून पेटवायचा प्रायमस स्टो स्वीडनमध्ये १८९२ साली तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानभर पोहोचला. आपल्याकडे तो आधी चहापुरता आला. भल्या पहाटे चूल पेटवण्यापेक्षा स्टो पंप करून चहा टाकणे सोपे. पितळी टाकी चिंचेने घासून चकचकीत ठेवायची, पिनने छिद्र साफ करायचे, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केले असेल.

१९५६ साली १ नोव्हेंबरला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. ज्यांच्या सोयरिकी उदगीर-लातूरला होत्या त्यांच्या मध्ये राज्याची सीमा आली. या पुनर्रचनेनंतर सरकारी नोकऱ्या, बदल्या आणि क्वार्टर हे नवे जीवन सुरू झाले. क्वार्टरच्या दोन खोल्यांत चूल घालायची सोय नव्हती. तेथे स्टो आणि उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आला. बसून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली, हा बदल लहान नव्हे.

पण स्टोची दुसरी बाजू लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. 'स्टोचा भडका उडाला' हे शब्द सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्रांत वारंवार येत. त्यांतले काही अपघात होते. नायलॉनची साडी, गळकी टाकी, अरुंद जागा. पण काही अपघात नव्हते, हे सर्वांना कळत होते आणि कोणी बोलत नव्हते. अखेर कायदा बदलावा लागला. १९८३ मध्ये सासरच्या छळाबद्दल भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीसाठी ३०४-ब. स्वयंपाकघरातले साधन कोणते, हा प्रश्न तेव्हा बाईच्या जिवाचा होता. आज आपण ओव्हनच्या रंगावर वाद घालतो, हे आपले भाग्य समजावे.

१९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकरचे उत्पादन सुरू झाले. त्याचे तत्त्व फार जुने, डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली मांडलेले. झाकण बंद करून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. गुलबर्ग्याच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा तुरीच्या मुलखात कुकर लगेच रुळला यात नवल नाही. त्याने आपल्या जेवणात काहीही बदलायला सांगितले नाही. वरण तेच राहिले, फक्त वेळ आणि जळण वाचले.

मिक्सरची गोष्ट याहून बोलकी आहे. परदेशी मिक्सर फळांचे रस आणि सूप यांसाठी बनलेले होते. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर आपले वाटण करताना जळाला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनियर होते. त्यांनी ओल्या-सुक्या वाटणाला टिकेल अशी मोटर आणि पाती असलेले यंत्र बनवले. १९६३ च्या सुमारास बाजारात आलेला हाच तो 'सुमीत' मिक्सर. पुढे लग्नाच्या रुखवतात मिक्सर दिसू लागला. आपल्याकडे शेंगांची चटणी आणि येसर यांसाठी पाटा-वरवंटा व उखळ बरीच वर्षे तग धरून होते, पण रोजचे वाटण मिक्सरवर गेले. ज्या यंत्राने आपला मसाला ओळखला ते यंत्र टिकले, हा यातला धडा.

विजेचाही एक इतिहास आहे. १९५७ मध्ये म्हैसूर राज्य वीज मंडळ झाले. कर्नाटकात घरगुती जोडणीला 'ए. ई. एच.' म्हणण्याची पद्धत होती, म्हणजे 'सर्व काही विजेवर चालणारे घर'. बंगळूरमध्ये जलविद्युतची वीज १९०५ सालीच आली होती, तेथे विजेची शेगडी आणि बंब असलेली घरे होती. आपल्या कोपऱ्यात मात्र वीज म्हणजे प्रत्येक खोलीत एक दिवा आणि फार तर एक पंखा. त्या हिशेबाने ओढलेल्या वायरी आपल्या जुन्या घरांत अजून आहेत. ही गोष्ट मी पुढे पुन्हा सांगणार आहे.

गॅसचे सिलिंडर मुंबईत १९५५ मध्ये 'बर्शेन' नावाने मिळू लागले, आणि इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कोलकात्यात दिली गेली. आपल्यापर्यंत गॅस सावकाश आला. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. खासदारांना जोडण्यांची शिफारस करण्याचा कोटा असे, आणि त्या शिफारशीसाठी ओळखी काढल्या जात. गॅस आला त्या दिवशी शेगडीला हळद-कुंकू वाहिलेले अनेकांना आठवत असेल. गॅसने धूर घालवला आणि भाकरीही सांभाळली, कारण ज्योत उघडी होती. तवा उतरवून जाळीवर किंवा थेट ज्योतीवर भाकरी फुगू लागली. चवीत फरक पडला, पण रीत वाचली.

आता ओव्हनकडे येऊ. आपल्या घरात शिरलेला पहिला विजेचा ओव्हन बहुधा गोल ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यात महिन्यातून एकदा केक व्हायचा, तोही वाढदिवसाला. मग चौकोनी ओटीजी आला, वर आणि खाली तापणाऱ्या कांड्यांचा. म्हणजे परातीवरचे निखारेच विजेचे झाले. मायक्रोवेव्हचा मार्ग वेगळा. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी वापरलेल्या मॅग्नेट्रॉनजवळ काम करताना खिशातले चॉकलेट वितळलेले पर्सी स्पेन्सर या अमेरिकन तंत्रज्ञाच्या १९४५ मध्ये लक्षात आले, आणि त्यातून हे यंत्र जन्मले. त्याच्या लहरी अन्नातल्या पाण्याला तापवतात. म्हणून तो गरम करण्यात पटाईत, पण खरपूस भाजण्यात कच्चा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये कांडी आणि पंखा जोडून ही उणीव भरून काढतात. २०१० नंतर आलेला एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंख्याचा लहानसा ओव्हनच, त्यात तळणे होत नाही.

यावरून निवड कशी करावी? माझ्या मते तीन गोष्टी क्रमाने बघाव्यात.

पहिली, आपल्या घरात खरोखर काय शिजते. महिनाभराच्या जेवणाची यादी काढा. त्यात भाकरी, वरण, भाजी, चटणी असेल आणि केक-बिस्किटे सणापुरती असतील, तर भिंतीत बसवायच्या महागड्या ओव्हनची गरज नाही. २५ ते ३० लिटरचा, ओट्यावर ठेवायचा ओटीजी पुरतो. नोकरीमुळे घरातली माणसे वेगवेगळ्या वेळी जेवत असतील तर साधा मायक्रोवेव्ह अधिक उपयोगी. नातवंडे शिकायला बाहेर आहेत आणि घरात दोघेच उरले आहेत, तर दोन्ही नकोत, चांगला मिक्सर आणि लहान कुकर घ्या. ज्वारीच्या रोट्या आता आपल्याकडे बचत गटांकडून विकत मिळतात. त्या आणणाऱ्या घराची गरज वेगळी आणि रोज थापणाऱ्या घराची वेगळी. जेथे भाकरी होते तेथे एक तरी गॅसची मोठी ज्योत ठेवावीच. इंडक्शनवर तवा तापतो, पण उघडी ज्योत नसते.

दुसरी, घरातली वीज. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पिअर वीज घेते, १५०० वॅटचा ओटीजी ६.५ आणि ७५० वॅटचा मिक्सर ३ च्या वर. तिन्ही एकदम चालले तर १८ ॲम्पिअरच्या पुढे जातात. भिंतीवरचा लहान प्लग ६ ॲम्पिअरचा आणि मोठा १६ चा. म्हणून ओव्हन आणि इंडक्शन लहान प्लगवर, किंवा मल्टिप्लग लावून, कधीही चालवू नये. वर सांगितलेल्या जुन्या, दिव्या-पंख्याच्या वायरीवर तर मुळीच नाही. फरशी बसवण्याआधी स्वयंपाकघरासाठी वेगळी सर्किटे, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगले अर्थिंग आणि गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर घालून घ्यावा. आजचा भडका स्टोचा नसतो, प्लगचा असतो. ओव्हनच्या मागे आणि बाजूंना वाराही खेळला पाहिजे, तो लाकडी कपाटात कोंबू नये.

याला बिलाचा हिशेब जोडून आहे. १५०० वॅटचा ओव्हन ४० मिनिटे चालला की एक युनिट जळतो. मायक्रोवेव्ह पाच मिनिटे चालला तर युनिटचा साधारण दहावा हिस्सा. २०२३ पासूनच्या 'गृहज्योती' योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत असली, तरी हक्काचे युनिट आपल्या आधीच्या सरासरी वापरावर साधारण १० टक्के वाढ धरून ठरतात. सरासरी ७० युनिट असलेल्या घराला ७७ मिळाले, आणि इंडक्शनवर रोज दीड युनिट जाऊ लागले, तर महिन्याला ४५ युनिट वाढतात आणि वरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात. वापर २०० च्या पुढे गेला तर पूर्ण बिल. मीटर नवा घेतला तर हिशेब वेगळा, तो बिलावर बघून घ्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निवड कोण करतो? चूल कोठे घालायची हे वाडा बांधणाऱ्याने ठरवले, स्टो घरच्या मालकाने आणला, गॅससाठी शिफारस पुरुषांनी मिळवली. धूर मात्र ज्यांनी खाल्ला त्यांना कोणी विचारले नाही. आता तरी दुकानात जाण्याआधी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला, मग ती आजी असो, सून असो की हल्ली काही घरांत मुलगा असो, तिच्या उंचीचा ओटा, तिच्या हाताला येणारे बटण आणि तिला लागणारी जागा विचारावी. ओव्हन विकत घेऊन माळ्यावर गेलेला मी किती घरांत पाहिला आहे. बहुतेक वेळा तो न विचारता आणलेला असतो.

गणपतीपाठोपाठ आपल्या घरी महालक्ष्म्या येतात. पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कटाची आमटी, पुरणाचे दिवे असा नैवेद्य करताना त्या दिवशी चार-पाच बायका एकाच वेळी स्वयंपाकघरात असतात. नव्या स्वयंपाकघराचा नकाशा काढताना हा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा. पुरण वाटायला मिक्सर कोठे राहील, पोळ्यांचा तवा कोणत्या ज्योतीवर, चार जणींना उभे राहायला जागा आहे का, धूर बाहेर कोठून जाईल, हे बघावे. यंदा नैवेद्याच्या तयारीला लागाल तेव्हा टेप घेऊन मापे काढायला सांगा, आणि ती त्यांनाच ठरवू द्या.

सर्वांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!